चवदार तळ्याचा काठ कोणाचा होता? : 'लँडस्केपमध्ये समाजाचं प्रतिबिंब पडतं' या वाक्याविषयी

माझ्या पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य होतं : 'कोणत्याही समुदायाच्या इतिहासाचं आणि सामाजिक कथनांचं प्रतिबिंब त्याच्या लँडस्केपमध्ये उमटलेलं असतं.' मला ते वाक्य फार आवडायचं. दोन रात्री घासून-पुसून लिहिलं होतं. प्रेझेंटेशनच्या दिवशी समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, "आरसा कुणी धरलाय?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, आणि ते बरंच आहे. सिनॉप्सिस परत आला.

तुमच्यापैकी जे आर्किटेक्चर, भूगोल, इतिहास किंवा समाजशास्त्रातून संशोधनाकडे वळताय, त्यांच्या प्रपोजलमध्ये हे वाक्य किंवा त्याचा सख्खा भाऊ नक्की सापडेल. गेल्या वर्षभरात ज्युनिअर मित्रमैत्रिणींनी वाचायला दिलेल्या मसुद्यांत मी ते इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटलं. म्हणजे ही पोस्ट म्हटली तर एका वाक्याची समीक्षा आहे. पण वाक्याची समीक्षा हवेत करता येत नाही, म्हणून एक जागा घेऊ. महाडचं चवदार तळं.

आधी थोडी थिअरी, फार नाही. लँडस्केप वाचता येतो, तो एक प्रकारचा मजकूर आहे, ही कल्पना आपल्या क्षेत्रात रुजली त्यात अमेरिकन भूगोलतज्ज्ञ पिअर्स लुइस यांच्या एका निबंधाचा मोठा वाटा आहे. 1979 साली डी. डब्ल्यू. मायनिग यांनी संपादित केलेल्या 'द इंटरप्रिटेशन ऑफ ऑर्डिनरी लँडस्केप्स' या पुस्तकात तो आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की माणसांनी घडवलेला परिसर म्हणजे त्यांनी नकळत लिहिलेलं आत्मचरित्र. पुस्तकात माणूस खोटं लिहील, पण कुंपण, रस्ता, दुकानाची पाटी, परसातला हौद इथे तो सावध नसतो, म्हणून खरं बोलून जातो. हा निबंध जरूर वाचा. फिल्डवर खाली बघून चालायची सवय त्यानेच मला लागली. पण माझं ते लाडकं वाक्य याच निबंधाची पातळ केलेली आवृत्ती होतं, हेही आता दिसतं.

पुढे 1984 मध्ये डेनिस कॉस्ग्रोव्ह यांनी दाखवलं की 'लँडस्केप' ही मुळात बघण्याची एक पद्धत आहे, आणि ज्याच्या हातात जमीन त्याच्या नजरेतून ती पद्धत घडली. 1996 मध्ये डॉन मिचेल यांनी कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांबद्दल लिहिताना आणखी टोक गाठलं. त्यांच्या मते सुंदर दिसणारा लँडस्केप तो घडवणारे कष्ट दाखवत नाही, उलट झाकतो. म्हणजे पाहा, एका बाजूला आत्मचरित्र, दुसऱ्या बाजूला पडदा. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण काय करतो? तिघांनाही एकाच परिच्छेदात कंसात बसवतो आणि पुढे जातो. ते तिघं एकमेकांशी भांडतायत हे आपल्या लक्षातच येत नाही. (मीही बसवले होते.)

आता महाड. गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी लागणारे दुवे सांगतो. ऑगस्ट 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत असा तो ठराव. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. 19 आणि 20 मार्च 1927 ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस यांनी तिची बांधणी केली होती. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून घ्यावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग लोक रांगेने गावातून तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि पुढे 108 मडक्यांत दही, दूध, गोमूत्र, शेण घालून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही स्पृश्य रहिवाशांनी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. 25 डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर जाऊन पाणी पिण्याऐवजी मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेचा मांडवसुद्धा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जागेत पडला, कारण गावात दुसऱ्या कुणी जागा दिली नाही.

आता 'लँडस्केपमध्ये प्रतिबिंब पडतं' हे वाक्य इथे लावून बघा. 1926 साली तुम्ही, म्हणजे एक होतकरू संशोधक, वही घेऊन चवदार तळ्याच्या काठी उभे राहिलात असं धरा. तुम्हाला काय दिसलं असतं? पाणी. पायऱ्या. धुणं. घरं. कुठेही 'अमुक जातीला मनाई' अशी पाटी नाही. कुंपण नाही, पहारा नाही. लुइस यांच्या पद्धतीने तुम्ही पायऱ्यांची झीज मोजली असती, घरांच्या पडव्या काढल्या असत्या, आणि 'कोकणातील एक जिवंत सामुदायिक जलस्थान' असा सुंदर पेपर लिहिला असता. त्यात खोटं एकही वाक्य नसतं. आणि ज्या गोष्टीने त्या गावातली माणसं दोन भागांत वाटली गेली होती, तिचा उल्लेखही नसता. कारण ज्यांना येऊ दिलं नाही त्यांची पावलं पायरी झिजवत नाहीत. त्यांची खूण म्हणजे खुणेचा अभाव, आणि अभावाचा फोटो काढता येत नाही.

इथवर आलं की मिचेल बरोबर, लुइस चूक, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मीही वर्षभर तिथेच होतो. दुसरा सिनॉप्सिस त्याच थाटात लिहिला : लँडस्केप लपवतो, संशोधकाने पडदा फाडायचा. ते वाक्यही तितकंच आळशी होतं, हे मला एका अनपेक्षित ठिकाणी कळलं. तो होता या तळ्याच्या दाव्याचा मुंबई हायकोर्टातला निकाल.

नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. निकाल मार्च 1937 चा, म्हणजे सत्याग्रहानंतर बरोबर दहा वर्षांनी. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. (हो, 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच.) आपण आर्किटेक्चरवाले कोर्टाचे निकाल वाचत नाही, ते 'लीगल'वाल्यांचं काम समजतो. हा वाचा. लहान आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि चवदार तळ्याचं मी वाचलेलं सगळ्यात काटेकोर लँडस्केप-वर्णन त्यात आहे.

निकालात तळं कसं दिसतं ते माझ्या शब्दांत सांगतो. चार-पाच एकरांचा जलाशय, बराचसा नैसर्गिक, थोडाफार माणसाने घडवलेला. पाणी काही पावसाचं, काही झऱ्यांचं. चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे स्पृश्य हिंदूंची घरं, एका लहान भागात मुसलमानांची. आणि मग एक तपशील येतो, ज्यावर मी पेन्सिलने तीन वेळा रेघ ओढलीय : या घरांचे मालक बऱ्याच ठिकाणी तळ्याच्या काठाच्या अरुंद पट्ट्यांचे, पाण्यात उतरणाऱ्या घाटांचे आणि बांधीव कठड्यांचेही मालक होते. तळ्याच्या लगत अस्पृश्यांचं घर एकही नव्हतं.

जरा थांबून याचं चित्र काढा. कागद घ्या, खरंच काढा. मध्ये पाणी, ते नगरपालिकेचं. बाहेर रस्ता, तोही नगरपालिकेचा. आणि दोघांच्या मध्ये, जिथून पाण्याला हात लागतो तिथे, खासगी मालकीचा काठ. तळं सार्वजनिक, पायरी खासगी. पाटीची, पहारेकऱ्याची गरज काय? प्लॅनमध्येच सगळं आलं. ठराव तळ्याबद्दल झाला होता. माणूस पाण्यापर्यंत जातो तो तळ्यावरून नव्हे, पायरीवरून.

लँडस्केप आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आपल्याला 'एज' शिकवतात. काठ कसा हाताळायचा : मऊ काठ, कठीण काठ, झाडं, बसायच्या पायऱ्या. काठाची मालकी कुणाची हे कुणी शिकवत नाही. निदान मला शिकवलं नाही.

पण निकालाची खरी मेख पुढे आहे. दावा लावणाऱ्यांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आलीय. कायद्यात अशी रूढी मान्य व्हायची तर ती अनादि आहे हे सिद्ध करावं लागतं. तळं किमान अडीचशे वर्षं जुनं आहे याबद्दल वाद नव्हता. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते हेही पुराव्यात आलं होतं. सरळ दिसणारा निष्कर्ष कोणता? अडीचशे वर्षं तळं, आज मनाई, म्हणजे अडीचशे वर्षं मनाई. 'लँडस्केप हे समाजाचं प्रतिबिंब' म्हणणारा कुणीही असाच निष्कर्ष काढेल. तळं जुनं, गाव जुनं, जात जुनी, सगळं एकाच रंगात रंगवून मोकळं.

कोर्टाने तो काढला नाही. कोर्टाने विचारलं ते साधारण असं : तळ्याभोवती स्पृश्यांची घरं येण्याआधी हे पाणी फक्त आपल्यासाठी राखून ठेवायचा प्रयत्न कुणी कशाला केला असेल? तळं मुळात वस्तीच्या कडेला. शहर कधीतरी वाढत वाढत तिथवर पोचलं. कधी पोचलं याचा पुरावा कुणीच दिलेला नाही. मग मनाई अनादि आहे हे कशावरून? रूढी सिद्ध झाली नाही. अपील फेटाळलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन दोन फेऱ्या मारल्या. दहा वर्षांचा खटला अखेर एका लँडस्केपच्या प्रश्नावर येऊन थांबला होता : आधी काय आलं, पाणी की घरं? आणि त्या प्रश्नात 'प्रतिबिंब' आणि 'पडदा' या दोन्ही उपमा निकामी होतात. आरसा असो की पडदा, दोन्हींना काळ नसतो, लँडस्केपला असतो. तळं एका काळातलं, घरं दुसऱ्या, रस्ते आणि नगरपालिका तिसऱ्या. हे थर आपल्याला एकाच वेळी दिसतात म्हणून ते एकाच वयाचे वाटतात. दावेदारांची सगळी भिस्त याच दृष्टिभ्रमावर होती : आज दिसतंय तेच कायम होतं.

'वहिवाट' हा शब्दही बघा ना. मराठी कानाला त्यात 'वाट' ऐकू येते. पायाखालची वाट रोजची झाली की तिचा हक्क होतो, आणि दुसऱ्याला ती वाट बंद असणं हेही मग वहिवाटीतच जमा होतं. इंग्रजीत कस्टम म्हटलं की डोळ्यासमोर विधी येतो, मराठीत वहिवाट म्हटलं की रस्ता. आपल्या भाषेत काम करणाऱ्याला एवढा फायदा आहे, तो सोडू नका.

आता एवढं कौतुक केल्यावर निकालाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही समीक्षा नाही, भक्ती होईल. ही मनाई अन्याय्य आहे का, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, हा प्रश्न कोर्टाला सोडवावाच लागला नाही. रूढीचा पुरावा अपुरा पडला, बस. उद्या दावेदारांनी एखादा जुना कागद आणून शहर तळ्यापर्यंत कधी वाढलं हे दाखवलं असतं तर? ज्यांनी मार खाल्ला त्यांचा हक्क एका कागदाच्या असण्या-नसण्यावर लटकत होता. म्हणजे लँडस्केपचं काळजीपूर्वक वाचन न्यायाच्या बाजूने पडलं, पण ते वाचन म्हणजे न्याय नव्हे. आंबेडकरांना हे नीट ठाऊक होतं. डिसेंबरच्या भाषणात त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून आम्ही मेलो नाही आणि प्यायल्याने अमर होणार नाही, इथे आलोय ते समतेसाठी. त्याच भाषणात त्यांनी या परिषदेची तुलना 1789 च्या व्हर्साय इथल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तळ्याच्या काठावर उभं राहून व्हर्सायबद्दल बोलणारा माणूस 'स्थानिक लँडस्केपचं प्रतिबिंब' शोधत नव्हता.

आणखी एक गोष्ट निकालात नाही. तळं खोदलं-बांधलं कुणी? 'थोडाफार माणसाने घडवलेला' या शब्दांत किती खांदे, किती टोपल्या दडल्या असतील! उगमाबद्दल पुरावा नाही एवढंच कोर्ट म्हणतं. इथे मात्र मिचेल यांना परत बोलवावं लागतं. त्यांना हाकलून देण्याची मला घाई झाली होती.

थोडं स्वतःबद्दल. हे सगळं मी तटस्थपणे लिहितोय असं समजू नका. आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, वाड्यामागे एक विहीर आहे. आजी तिला 'गावाची विहीर' म्हणायची. लहानपणी सुट्टीत मी तिथे पोहायला शिकलो. फिल्डवर्कची प्रॅक्टिस म्हणून मी याच विहिरीचा मेजर्ड ड्रॉइंगसकट छान डॉक्युमेंटेशन केला होता : थारोळं, मोटेचे दगड, कमान, उतरायच्या पायऱ्या. महाडचा निकाल वाचल्यावर मी तो प्लॅन परत काढून बघितला. पायऱ्यांकडे जाणारी वाट आमच्या परड्यातून जाते. फक्त तिथूनच. मी स्वतः ती वाट काढली होती, शाईने, स्केलला. आणि त्याच शीटवर वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सामुदायिक विहीर'.

आजीला फोनवर विचारलं, "आजी, खालच्या वस्तीतली माणसं पाणी कुठनं भरायची गं?" ती म्हणाली, "त्यांचं त्यांना होतं की ओढ्याला." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "उन्हाळ्यात ओढा आटायचा. तेव्हा यायची, थांबायची कुणी वाढतंय का बघत." वाढायचं म्हणजे वरून ओतायचं. मी विचारलं, थांबायची कुठे? आजीने जागा सांगितली. चिंचेखाली. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती चिंच आहे. तिच्या घेराचा व्यास मी मोजलाय, शेजारी 'सावलीची जागा' असं लिहिलंय.

तो शीट मी फाडला नाही. आता तो माझ्या थीसिसच्या मेथडॉलॉजीच्या चॅप्टरमध्ये जातोय, चुकलेलं वाचन म्हणून. गाईडना आधी ते पटलं नव्हतं ("कशाला स्वतःचंच वाभाडं?"), आता पटलंय.

पुन्हा महाडकडे. आज चवदार तळं स्मारक आहे. बाबासाहेबांचा पुतळा आहे, बांधलेले काठ आहेत, मनुस्मृती जाळली त्या घटनेच्या स्मरणार्थ गावात क्रांतिस्तंभ आहे. समीक्षक म्हणून याकडे बघताना मला अवघड जातं. पुतळा-कठडा-दिवे या आपल्याकडच्या ठरलेल्या स्मारक-व्याकरणाला नाकं मुरडणं आर्किटेक्चर कॉलेजात फॅशनेबल आहे. कंटाळवाणं डिझाइन, सगळीकडे सारखंच वगैरे. हे म्हणणाऱ्यांना (त्यात मी होतो) एक साधी गोष्ट दिसत नाही. ज्या काठावर ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांच्यातला एक माणूस तिथे कायमचा उभा आहे, आणि गावाला तो रोज दिसतो. 'सारखंच' असण्यातही अर्थ आहे. निळा कोट आणि हातातलं पुस्तक प्रत्येक गावात सारखंच असावं हा त्यामागचा मुद्दाच आहे.

तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती सौंदर्याची नाही. मी गेलो तेव्हा तळ्यावर मला 20 मार्च सापडला, काठ सापडला नाही. म्हणजे असं की कोण आलं, कधी आलं, काय केलं हे जागेवर कळतं. पण पाण्यापर्यंतची ती शेवटची चार-पाच हातांची जमीन कशी मालकीची होती, हे सांगणारं काही मला दिसलं नाही. आता काठ सगळीकडून एकसारखा बांधीव आहे. पाहणाऱ्याला वाटतं, तळं पहिल्यापासून असंच मोकळं होतं आणि काही वाईट माणसांनी अडवलं होतं. अन्याय स्वभावाचा झाला, जागेचा राहिला नाही. जुन्या खासगी घाटांच्या हद्दी नुसत्या फरशीच्या रंगातून दाखवल्या असत्या तरी 20 मार्चला ती माणसं कशावरून चालत गेली हे पायांना कळलं असतं.

हे करता येतं याचं एक उदाहरण लॉस एंजेलिसमध्ये आहे. बिडी मेसन ही गुलामीत जन्मलेली बाई, 1856 मध्ये कोर्टातून मुक्त झाली, सुईणीचं काम करून तिने शहरात स्वतःची जमीन घेतली. पुढे तिथे घरही राहिलं नाही. डोलोरेस हेडन यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रकल्पात कलाकार शीला लेव्हरंट दे ब्रेतव्हिल यांनी 1989 मध्ये तिथे 81 फूट लांबीची एक भिंत केली. चालत जाल तसा काळ पुढे सरकतो, दशकामागून दशक, आणि तिच्या आयुष्याशेजारी शहराची वाढही येते. म्हणजे ब्रूमफील्ड यांनी विचारलेला प्रश्न (शहर इथवर कधी आलं?) तिथे भिंतीत बसवलाय. हेडन यांचं 1995 चं 'द पॉवर ऑफ प्लेस' त्याबद्दल आहे. अर्थात ही भिंत पार्किंग आणि ऑफिसांच्या मध्ये एका कोपऱ्यात आहे, आणि तिथे दरवर्षी हजारो माणसं येत नाहीत.

महाडला येतात. 20 मार्चला येतात, 25 डिसेंबरला येतात. एसटीने, टेम्पोने, पुस्तकांचे स्टॉल लागतात, लोक पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतात. आपल्या क्षेत्रातली माणसं याला 'इव्हेंट' म्हणून बाजूला ठेवतात आणि ड्रॉइंगमध्ये रिकामं तळं काढतात. माझ्या मते चवदार तळ्याचं सगळ्यात महत्त्वाचं लँडस्केप आर्किटेक्चर ही उतरणारी गर्दीच आहे. कोर्टाच्या भाषेत बोलायचं तर ती दरवर्षी नवी वहिवाट पाडतेय. पण हे मी अजून सिद्ध करू शकत नाही. फक्त सुचतंय, आणि सुचणं थीसिसमध्ये चालत नाही.

म्हणून तुम्हाला काम सांगतो, जे मी स्वतः करतोय. तुमची जागा कुठलीही असो, वाडा, बाग, मैदान, तलाव, प्रपोजल लिहायच्या आधी सिटी सर्व्हेच्या ऑफिसात जा आणि काठावरच्या प्रत्येक तुकड्याची मिळकत पत्रिका मागा. मधल्या मोठ्या जागेची मागू नका, ती सगळेच मागतात. काठाची मागा. क्लार्क विचारेल, एवढ्याशा पट्टीचं काय करायचंय? त्याला उत्तर देता येणार नाही, मलाही आलं नव्हतं. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरसारखे ग्रंथ वाचा, पण ते लिहिणाऱ्या साहेबाला कोण माहिती देत होतं हे समासात लिहून ठेवा. आणि आजीला फोन करा, पण 'पूर्वी कसं होतं' असं विचारू नका, त्याला उत्तर 'छान होतं' एवढंच मिळतं. 'कोण कुठे थांबायचं' असं विचारा.

महाडच्या काठाच्या पट्ट्या 1937 नंतर कुणाकडे गेल्या, नगरपालिकेने कधी आणि कशा घेतल्या, हे मी सध्या शोधतोय. पुढच्या महिन्यात दोन दिवस अलिबागला आणि तीन दिवस महाडला आहे. सिनॉप्सिस तिसऱ्यांदा गेलाय. पहिलं वाक्य आता असं आहे : 'चवदार तळ्याचा काठ 1927 साली कोणाच्या मालकीचा होता?' बाईंनी या वेळी चष्मा काढला नाही. म्हणाल्या, "बरं. मग होता कोणाचा?"